टायमिंग कव्हरच्या कडेने तेलगळती : कव्हर उघडण्यापूर्वी काय तपासावे?

चारचाकी_वाचक (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. माझ्या गाडीचे इंजिन चार सिलिंडरचे, पेट्रोलवर चालणारे असून त्यात टायमिंग चेन (क्रँकशाफ्टच्या फिरण्याशी व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट जुळवून ठेवणारी साखळी) आहे. तिच्यावरचे पुढचे झाकण म्हणजे टायमिंग कव्हर. काही महिन्यांपासून इंजिनाच्या पुलीकडच्या बाजूला तेलाचा ओलावा दिसत आहे. सुरुवातीला टायमिंग कव्हरच्या खालच्या कोपऱ्यात धूळ चिकटून काळा थर जमत असे आणि त्यापलीकडे काही जाणवत नव्हते. आता मात्र गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी जमिनीवर डाग पडलेले दिसतात, आणि दोन सर्व्हिसिंगच्या मधल्या काळात डिपस्टिकवरची पातळी वरच्या खुणेपासून जवळजवळ खालच्या खुणेपर्यंत उतरते. सायलेन्सरमधून निळा धूर येत नाही आणि इंजिनाच्या आवाजातही काही फरक पडलेला नाही.

एका गॅरेजमध्ये "टायमिंग कव्हरचे पॅकिंग गेले आहे, पुढची बाजू पूर्ण खोलावी लागेल" असे सांगण्यात आले. दुसऱ्या ठिकाणी बाहेरूनच सांध्यावर सिलिकॉन लावून देण्याची तयारी दाखवली गेली. काम मोठे आहे हे मला समजते. म्हणूनच दोष खरोखर कव्हरच्या जोडात आहे याची खात्री कशी करावी, बाहेरून सिलिकॉन लावण्याचा कितपत उपयोग होतो, आणि कव्हर उघडावेच लागले तर कोणत्या गोष्टींवर लक्ष ठेवावे, हे जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे. माझ्याकडे साधी हत्यारे आणि टॉर्क रेंच आहे, परंतु इंजिनाचे इतके मोठे काम मी यापूर्वी केलेले नाही.

---

पाना_आणि_माप

कव्हर उघडण्याचा निर्णय सर्वांत शेवटी घ्यावा, हे आधीच सांगतो. तेल वरून खाली ओघळते, आणि गाडी धावत असताना समोरून येणाऱ्या वाऱ्याने ते मागे व बाजूलाही ढकलले जाते. त्यामुळे जिथे थेंब लोंबताना दिसतो तिथूनच ते गळत असेल असे नाही. टायमिंग कव्हर इंजिनाच्या पुढच्या तोंडावर वरपासून खालपर्यंत पसरलेले असते, म्हणून त्याच्या वरच्या बाजूला असलेल्या कोणत्याही जोडातून पाझरलेले तेल शेवटी त्याच्याच कडेने खाली येते आणि दोष कव्हरच्या माथी मारला जातो.

पहिला संशय टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या सर्वांत वरच्या झाकणाच्या, पॅकिंगवर घ्यावा. हे रबरी पॅकिंग उष्णतेने कडक होते आणि त्याच्या पुढच्या दोन कोपऱ्यांतून, म्हणजे जिथे ते हेड (सिलिंडरांच्या वर बसणारा भाग) आणि टायमिंग कव्हर यांच्यातला सांधा ओलांडते तिथून, तेल सोडू लागते. हे पॅकिंग बदलणे टायमिंग कव्हर काढण्याच्या मानाने फारच सोपे आहे, आणि केवळ ते न तपासल्यामुळे पुढची सगळी बाजू विनाकारण खोलली गेल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. त्यानंतर व्हॉल्व्ह टायमिंग बदलणाऱ्या सोलेनॉइडची (विजेवर चालणाऱ्या झडपेची) ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, ऑइल प्रेशर स्विच, ऑइल फिल्टरची बैठक आणि क्रँक पुलीमागचे ऑइल सील पाहावे. यांपैकी क्रँकचे सील गेले असेल तर त्याची खूण वेगळी असते: फिरणारी पुली तेल चहूबाजूंना फेकते, त्यामुळे पुलीची मागची बाजू ओली असते आणि तिच्याभोवती, इंजिनावर व आसपासच्या भागांवर, गोलाकार शिंतोडे उमटतात. कव्हरच्या जोडातून गळणारे तेल मात्र जोडाच्या रेषेला धरून सरळ खाली उतरते.

तपासणीची सुरुवात स्वच्छतेपासून करावी. इंजिन थंड असताना अल्टरनेटर आणि विजेची कनेक्टरे प्लॅस्टिकने झाकून, डीग्रीझर लावून, पुढची बाजू धातू दिसेपर्यंत साफ करावी आणि पूर्ण वाळू द्यावी. मग इंजिन काही वेळ जागेवर चालवावे, नंतर ते बंद करून टॉर्च आणि छोट्या आरशाने वरून खाली पाहत यावे. जो सर्वांत उंचावरचा ओला बिंदू दिसेल तोच खरा. त्याच्या खालचा सगळा ओलावा तिथूनच आलेला असू शकतो. इतक्यात काही दिसले नाही तर गाडी थोडी चालवून पुन्हा पाहावे. संशयाच्या जागेवर टाल्कम पावडरचा पातळ थर उडवला तर तेल फुटते ती जागा पांढऱ्यावर गडद रेघेसारखी उठून दिसते. त्याहूनही खात्रीचा उपाय म्हणजे तेलात मिसळण्याचा फ्लोरोसंट रंग. तो इंजिन तेलासाठीचाच घ्यावा, तेलात मिसळून गाडी नेहमीसारखी वापरावी आणि नंतर अंधारात अतिनील दिव्याखाली पाहावे. गळतीचा माग पिवळसर हिरवा चमकतो आणि वाद उरत नाही.

याच वेळी पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि ब्रीदरची नळी, म्हणजे क्रँककेसमधला (इंजिनाच्या खालच्या पोकळीतला) वायू बाहेर नेणारी वाट, अवश्य तपासावी. पिस्टन रिंगांच्या बाजूने थोडा वायू क्रँककेसमध्ये नेहमीच उतरतो. त्याला बाहेर जायची वाट बंद झाली की आत दाब साठतो आणि तो सर्वांत दुबळ्या जोडातून तेल बाहेर ढकलतो. अशा इंजिनाला नवे पॅकिंग बसवले तरी काही काळाने ते तिथून किंवा शेजारच्या जोडातून गळतेच. इंजिन जागेवर चालू असताना तेल भरण्याचे झाकण उघडून तोंडावर कागदाचा तुकडा धरावा. बहुतेक निरोगी पेट्रोल इंजिनांत तो हलकासा आत ओढला जातो. तो वर उडत असेल तर आधी ब्रीदरची वाट मोकळी करावी. त्यानंतरही तो उडतच राहिला तर प्रश्न रिंगांचा असू शकतो, आणि मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) तपासल्याशिवाय कव्हरला हात लावू नये.

---

शांत_इंजिन

वरील उत्तराशी पूर्ण सहमत आहे. बाहेरून सिलिकॉन लावण्याविषयी थोडे लिहितो. सिलिकॉन स्वच्छ आणि कोरड्या धातूलाच धरते. गळणाऱ्या जोडाच्या बाहेरची कड कितीही पुसली तरी आतून तेलाचा पातळ थर येतच राहतो, त्यामुळे वर लावलेला थर काही दिवसांतच सालीसारखा सुटतो. नुकसान एवढ्यावर थांबत नाही, कारण त्या थराखाली मूळ जागा झाकली जाते आणि पुढच्या माणसाला गळती कुठून आहे हे शोधणे अधिक कठीण होते.

गळती थांबवण्यासाठी तेलात टाकण्याच्या द्रावणांबद्दलही विचारले जाते. ती द्रावणे कडक झालेल्या रबराला थोडे मऊ करून फुगवतात, म्हणून क्रँकच्या सीलची गळती काही काळ कमी होऊ शकते. सिलिकॉनच्या जोडावर किंवा कागदी पॅकिंगवर त्यांचा परिणाम होण्याचे कारण नाही.

मात्र प्रत्येक ओलाव्यासाठी इंजिन खोलायचे नसते. जोडावर नुसती धूळ चिकटत असेल, थेंब पडत नसेल आणि डिपस्टिकवरची पातळी स्थिर असेल, तर लक्ष ठेवून थांबणे योग्यच आहे. तुमच्याकडे पातळी उतरत आहे, त्यामुळे हा टप्पा मागे पडला आहे. तेल पुलीवरून फिरणाऱ्या बाहेरच्या पट्ट्यावर जात असेल तर पट्टा फुगतो व घसरतो, इंजिनाच्या रबरी माउंटिंगवर जात असेल तर रबर कुजते, आणि एक्झॉस्टच्या तापलेल्या भागावर पडत असेल तर आगीचा धोका असतो. या तिन्ही ठिकाणी आजच पाहून घ्यावे, आणि दुरुस्ती होईपर्यंत तेलाची पातळी वरचेवर तपासत राहावे.

---

सांधा_जुळणी

तपासणीनंतर कव्हरच दोषी ठरले, तर त्या कामातला खरा कस कुठे लागतो ते सांगतो. माझ्या मते पुन्हा होणाऱ्या गळतीचे सर्वांत मोठे कारण घाईने साफ केलेला पृष्ठभाग हे असते, आणि दोष मात्र सिलिकॉनच्या दर्जाला दिला जातो.

आजच्या अनेक इंजिनांत टायमिंग कव्हरला वेगळे पॅकिंग नसतेच. कारखान्यातच द्रव सिलिकॉनचा धागा सोडून कव्हर बसवलेले असते. ते काढताना सर्व बोल्ट निघाल्याची दोनदा खात्री करावी, कारण एखादा बोल्ट पुलीच्या किंवा माउंटिंगच्या ब्रॅकेटमागे लपलेला असतो. कव्हरच्या कडेला उचकटण्यासाठी मुद्दाम ठेवलेल्या खाचा असतात, जोर तिथेच लावावा. जोडाच्या मध्येच स्क्रू ड्रायव्हर घातला तर ॲल्युमिनियमवर चरा पडतो आणि त्या चऱ्यातून पुढे तेलाला वाट मिळते. बोल्टांची लांबी जागेनुसार वेगळी असते, म्हणून पुठ्ठ्यावर कव्हरची आकृती काढून ज्या जागेचा बोल्ट त्याच जागी टोचून ठेवावा. लांब बोल्ट आखूड छिद्रात गेला तर तो तळाला टेकतो, टॉर्क रेंच कटकन आवाज करतो, आणि कव्हर मात्र दाबलेच गेलेले नसते. बंद छिद्रात तेल साचलेले असले तरी असाच फसवा टॉर्क मिळतो, आणि दाबाने धातूला तडाही जाऊ शकतो. छिद्रे कोरडी करूनच बोल्ट लावावेत.

जुने सिलिकॉन काढण्यासाठी प्लॅस्टिकची पट्टी आणि सिलिकॉन विरघळवणारे द्रव वापरावे. ड्रिलला लावायच्या घासणाऱ्या चकत्या कृपया वापरू नयेत. त्यांतून सुटणारे ॲल्युमिनियम ऑक्साइडचे बारीक कण इंजिनात पडतात, तेलाबरोबर बेअरिंगपर्यंत पोहोचतात आणि चांगले इंजिन निकामी करतात. उघडी तोंडे धागे न सुटणाऱ्या कापडाने बंद करून मगच खरवडावे. शेवटी दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंवा ब्रेक क्लीनरने पुसावेत, आणि पांढरे कापड पांढरेच राहीपर्यंत पुसत राहावे. त्यानंतर त्या जागेला बोटही लावू नये, कारण बोटाचा तेलकटपणा सिलिकॉनची पकड सोडवायला पुरेसा असतो.

सिलिकॉन इंजिन तेलासाठीचे आणि ऑक्सिजन सेन्सरला अपाय न करणारे असावे. साधारण ३ मिलिमीटर जाडीचा अखंड धागा बोल्टच्या छिद्रांच्या आतल्या बाजूने सोडावा. अधिक जाड लावणे हिताचे नसते, कारण आत दाबला गेलेला जादा भाग तुटून तेलपंपाच्या जाळीत अडकतो आणि तेलाचा दाब घटतो. हेड, ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य भाग) आणि कव्हर हे तिन्ही जिथे एकत्र येतात त्या बिंदूकडे विशेष लक्ष द्यावे. तिथे हेड गॅस्केटची (हेड आणि ब्लॉक यांच्यातल्या पॅकिंगची) कड किंचित पुढे किंवा मागे राहिलेली असते आणि नखाएवढी पोकळी तयार होते; साधा धागा ती भरू शकत नाही, म्हणून तिथे सिलिकॉनचा छोटा ठिपका वेगळा द्यावा. ठिपका दिल्यानंतर ट्यूबवर सांगितलेल्या वेळेत, बहुधा ५ ते १० मिनिटांत, कव्हर डॉवेल पिनांवर (जागा नेमकी धरणाऱ्या खुंट्यांवर) सरळ बसवावे. ते बसताना वरखाली सरकले तर धागा पुसला जातो आणि सगळे पुन्हा साफ करून नव्याने लावावे लागते. म्हणून सिलिकॉन न लावता कव्हर एकदा कोरडे बसवून पाहावे, हात कुठून जाईल हे ठरवावे आणि मगच ट्यूब उघडावी.

बोल्ट आधी हाताने टेकवून, नंतर मधून बाहेर, दोन टप्प्यांत आवळावेत. ६ मिलिमीटरच्या बोल्टांना साधारण १० न्यूटन-मीटर आणि ८ मिलिमीटरच्यांना २० ते २५ न्यूटन-मीटर टॉर्क लागतो, पण तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधला आकडाच अंतिम मानावा. ॲल्युमिनियममधले आटे एकदा गेले की काम दुप्पट होते.

---

चारचाकी_वाचक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे पुढची बाजू साफ केली, पावडरही वापरून पाहिली. टॅपेट कव्हरची कड पूर्ण कोरडी राहिली. कागद हलकासा आत ओढला जातो. सर्वांत उंचावरचा ओला बिंदू हेड आणि ब्लॉक जिथे टायमिंग कव्हरला मिळतात तिथेच, मागच्या बाजूला दिसला. त्याशिवाय पुलीच्या मागेही थोडे शिंतोडे आहेत, म्हणजे सीलही गळत असावे असे वाटते. पट्टा आणि माउंटिंग अजून कोरडे आहेत.

आता कव्हर उघडावे लागेल हे मान्य केले आहे. दोन शंका उरल्या आहेत. कव्हर काढण्यासाठी खालचा ऑइल चेंबरही उतरवावा लागतो का? आणि क्रँक पुलीचा बोल्ट घरी काढणे कितपत सुरक्षित आहे?

---

पाना_आणि_माप

दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण काम घरी करावे की नाही हे तिच्यावरच ठरते. क्रँकवरचे स्प्रॉकेट (चेनचे दातेरी चाक) चावीने, म्हणजे खाचेत बसणाऱ्या धातूच्या छोट्या तुकड्याने, अडकवलेले आहे का, हे मॅन्युअलमध्ये आधी पाहावे. काही इंजिनांत चावी नसते. स्प्रॉकेट केवळ पुलीच्या बोल्टच्या दाबाने जागेवर राहते. असा बोल्ट सैल केला की क्रँक आणि कॅम यांचे परस्परांतले स्थान सुटते, आणि ते टायमिंगच्या पिनांनी आधी अडकवलेले नसेल तर इंजिन सुरू करताच व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतात. तुमचे इंजिन या प्रकारचे असेल आणि त्यासाठीची हत्यारे नसतील, तर हे काम निःसंकोचपणे जाणकार गॅरेजकडे सोपवावे. चावी असेल तर पुली धरण्याचे हत्यार लावून बोल्ट सोडता येतो. पण टायमिंगच्या पिना या केवळ स्थान राखण्यासाठी असतात, बोल्टचा जोर त्यांच्यावर कधीही टाकू नये. अनेक इंजिनांत हा बोल्ट टॉर्क देऊन पुढे ठरावीक कोनातून फिरवायचा असतो. असा बोल्ट ताणला गेलेला असल्याने नवाच वापरावा.

कव्हर काढताना बहुतेक वेळा त्या बाजूचे माउंटिंगही सोडावे लागते. त्याआधी इंजिनाला आधार द्यावा. चेंबरखाली जॅक लावायचा असेल तर मध्ये रुंद लाकडी फळी ठेवावी, नाहीतर चेंबर चेपतो. गाडी वर उचलली असेल तर ती स्टँडवरच टेकलेली असावी आणि बॅटरीची ऋण वायर सोडलेली असावी.

चेंबरविषयी माझे मत असे की तो पूर्ण उतरवण्याची गरज सहसा पडत नाही. कव्हरचा खालचा काठ त्याच्यावर टेकलेला असतो, म्हणून पुढचे बोल्ट काढून आणि बाजूचे सैल करून तो किंचित खाली केला तर कव्हर निघते.

---

सांधा_जुळणी

चेंबरच्या बाबतीत माझे मत वेगळे आहे, आणि ते नोंदवणे मला आवश्यक वाटते. धातूच्या पट्टीवर रबर चढवलेले पॅकिंग असेल, तर वर सांगितलेली पद्धत काळजीपूर्वक वापरता येते. पण चेंबरही सिलिकॉननेच चिकटवलेला असेल, तर पुढचा भाग खाली ओढताना बाजूचा जोड डोळ्यांना न दिसता अर्धवट फाटतो. पुढे तिथून पाझर सुरू होतो, आणि टायमिंग कव्हरचे काम नीट होऊनही गाडी गळतच राहते. अशा इंजिनांत चेंबर पूर्ण उतरवून, साफ करून, नव्याने बसवणेच बरे. त्या निमित्ताने तेलपंपाची जाळीही पाहता येते, आणि जुन्या सिलिकॉनचे तुकडे तिथे अडकलेले असतील तर काढता येतात.

कव्हर निघाल्यावर क्रँक फिरवू नये. चेनचा ताण देणाऱ्या टेन्शनरचा दांडा किती बाहेर आला आहे हे पाहावे आणि प्लॅस्टिकच्या मार्गदर्शक पट्ट्यांना तडे किंवा खोल खोबण पडली आहे का ते तपासावे. दांडा शेवटपर्यंत आला असेल तर चेन ताणली गेली आहे. इतके सगळे खोलल्यावर ती तशीच ठेवून कव्हर बंद करणे मला पटत नाही. तुमच्या इंजिनात पाण्याचा पंप कव्हरवर असेल, किंवा कूलंटची वाट कव्हरमधून जात असेल, तर कूलंट आधी काढावे आणि तिथल्या ओ-रिंगा नव्या घालाव्यात. तो जोड आतल्या बाजूला गळला तर कूलंट तेलात मिसळते, तेल दुधाळ होते, आणि ती हानी बाहेरच्या गळतीपेक्षा कितीतरी मोठी असते.

सील नवेच घालावे. पण त्याआधी पुलीचा जो गोल भाग सीलमध्ये फिरतो त्यावरून नख फिरवून पाहावे. नख अडकले तर जुन्या सीलच्या ओठाने तिथे खोबण पाडली आहे असे समजावे. त्या खोबणीवर नवे सीलही टिकत नाही. तिथे पातळ स्टीलची दुरुस्ती स्लीव्ह चढवावी किंवा पुली बदलावी. साधे रबरी सील असेल तर त्याच्या ओठाला तेलाचा हात द्यावा, पण पीटीएफईचे (टेफ्लॉनचे) सील कोरडेच, सोबत आलेल्या प्लॅस्टिकच्या नळीवरून बसवायचे असते. सीलबरोबरची सूचना वाचल्याशिवाय ते पाकिटातून काढू नये.

---

चारचाकी_वाचक

मॅन्युअल पाहिले. स्प्रॉकेटला चावी आहे, परंतु चेंबर सिलिकॉनचाच आहे. एवढा व्याप पाहता काम गॅरेजकडेच द्यावे आणि आपण सांगितलेल्या गोष्टी आधी बोलून घ्याव्यात असे ठरवले आहे. शेवटचा प्रश्न: काम झाल्यावर गाडी लगेच मिळेल असे सांगण्यात येत आहे. ते योग्य आहे का? आणि काही दिवसांनी कव्हरचे बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत का?

---

शांत_इंजिन

घाई करू देऊ नका. सिलिकॉनच्या ट्यूबवर दोन वेळा दिलेल्या असतात: एक तेल भरण्यापूर्वी थांबायची आणि दुसरी ते पूर्ण पक्के होण्याची. पूर्ण पक्के व्हायला अनेक प्रकारांना २४ तास लागतात, आणि थंड, कोरड्या हवेत त्याहून अधिक, कारण हे सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यावरच घट्ट होते. गाडी एक रात्र गॅरेजमध्ये राहिली तर हरकत घेऊ नये, उलट तसे आपणहून सांगावे. तेल आणि फिल्टर नवे घालायला सांगावे, कारण कितीही जपले तरी खोललेल्या इंजिनात थोडी घाण पडतेच. चेन काढली गेली असेल तर इंजिन सुरू करण्यापूर्वी क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून टायमिंगच्या खुणा पुन्हा जुळतात का हे तुमच्यासमोर पाहायला सांगावे.

बोल्ट मात्र पुन्हा आवळून घेऊ नका. कागदी किंवा बुचाच्या पॅकिंगच्या काळात ती सवय योग्य होती, कारण ते पॅकिंग दबून बसते आणि बोल्ट सैल पडतात. सिलिकॉन एकदा पक्के झाल्यावर बोल्ट आणखी फिरवला तर तो पातळ थर जागेवरून हलतो आणि फाटतो. त्याऐवजी गाडी मिळाल्यावर आधी एकदा आणि साधारण आठवड्याने पुन्हा, इंजिन गरम असताना, हेड, ब्लॉक आणि कव्हर मिळतात त्याच बिंदूवर कोरडा पांढरा कागद टेकवून पाहावा, आणि चेंबरच्या मागच्या कोपऱ्यांनाही तो लावून पाहावा. तापलेल्या एक्झॉस्टपासून आणि फिरत्या पट्ट्यापासून हात दूर ठेवण्यासाठी हे इंजिन बंद करूनच करावे.

---

पाना_आणि_माप

एक भर घालतो. पुढची बाजू गॅरेजमधून धुऊनच ताब्यात घ्या. जुने तेल तसेच राहिले तर ते कित्येक दिवस थोडेथोडे खाली उतरत राहते, आणि काम चांगले होऊनही गळती चालूच आहे असे वाटून कव्हर पुन्हा खोलण्याची वेळ येते. चेंबरच्या बाबतीत सिलिकॉनचा जोड असल्याचे तुम्ही कळवले आहे, त्यामुळे तो पूर्ण उतरवावा हे सांधा_जुळणी यांचे म्हणणे मला मान्य आहे.